ग्लासात काय आहे?

बाई : बस. आणि तो ग्लास इथेच राहू दे, माझ्या टेबलावर. उद्या कॉलेजकडून परीक्षक येणार, आणि तुझ्या पाठाच्या टाचणावर आज माझी सही हवी. कशाच्या जोरावर करू, तूच सांग.

शिकाऊ : टाचण अख्खं लिहिलंय, बाई. उद्दिष्टं, साहित्य, फळ्यावर काय लिहायचं, सगळं. सकाळचा सराव मात्र नीट झाला नाही, ते खरं.

बाई : टाचणाला नाव ठेवायला जागा नाही. इतकं नेटकं टाचण माझ्याकडे आलेल्या कुठल्याच शिकाऊ मुलीनं लिहिलेलं नाही. मी विचारतेय ते सकाळचं. चौथीच्या वर्गासमोर हा ग्लास धरलास. विचारलंस, ग्लासात काय आहे? मागून एक पोरगा म्हणाला, काही नाही, रिकामा आहे. मग काय, सगळा वर्ग त्याच्यामागे. रिकामा, रिकामा! आणि तू काय म्हणालीस?

शिकाऊ : ...छान.

बाई : छान! काठोकाठ भरलेला ग्लास हातात, आणि म्हणे छान!

शिकाऊ : वेळ कमी होता, बाई. वाफेचा भाग यायचा होता अजून.

बाई : वेळेचं मला सांगू नकोस, घंटेला चांगला अवकाश होता. मी शेवटच्या बाकावर बसून बघत होते. तुझे ओठ मिटले ते मिटलेच. म्हणून दुपारी टाचण पुन्हा काढून वाचलं. धडा पाण्याचा. आणि शिक्षिकेच्या रकान्यात ‘पाणी’ हा शब्द औषधालासुद्धा नाही. ‘हे’, ‘ते’, ‘ग्लासातला द्रव’. पाणी आहे ते सगळं मुलांच्या रकान्यात. तू विचारणार, मुलं पाणी म्हणणार. आज मुलांनी म्हटलं नाही, तर तुझी गाडी तिथेच थांबली.

शिकाऊ : बाई, दार लोटू का?

बाई : लोट.

शिकाऊ : कुणाला सांगू नका. लहानपणापासून आहे. त्या एका अक्षरावर माझी जीभ अडते. बाकी काही अडत नाही. तसा शब्द येतोय असं दिसलं, की मी आधीच वळते आणि दुसरा घेते. इतकी सवय झालीय, की आता कुणाला कळत नाही.

बाई : तरीच! ‘पण’ असं कधी ऐकलंच नाही तुझ्या तोंडून. सारखं आपलं मात्र, मात्र. मला वाटायचं, घरी कुणी वकील आहे की काय.

शिकाऊ : घरी आई असते फक्त. शिवणकाम करते.

बाई : आणि पहिल्याच दिवशी मुलांना म्हणालीस, मला नुसतं नव्या बाई म्हणा. मी म्हटलं, लाजत असेल.

शिकाऊ : नावच त्या अक्षराचं आहे माझं.

बाई : ठाऊक आहे. त्याच्या खालीच सही करायची आहे मला.

शिकाऊ : नका करू, बाई. मी कॉलेजात जाऊन सांगते, मला जमत नाही. ग्लासात काय आहे एवढंसुद्धा जिला सांगता येत नाही, तिनं वर्गासमोर कशाला उभं राहायचं?

बाई : मग एवढी मरमर कशासाठी केलीस?

शिकाऊ : आमच्या शाळेत ओळीनं वाचायला उभं करायचे. माझ्याजवळ आलं, की बाई हळूच माझ्या शेजारणीला उठवायच्या. फार मायाळू होत्या हो. मी मात्र रोज बोट ओळीवर ठेवून बसायची. वाटायचं, आज तरी म्हणतील, तू वाच. कधीच म्हणाल्या नाहीत. तेव्हा ठरवलं होतं, आपण बाई व्हायचं, आणि आपल्या वर्गात कुणाला गाळायचं नाही.

बाई : आणि टाचण लिहायला बसलीस, तेव्हा सगळ्यांत आधी कुणाला गाळलंस?

शिकाऊ : ...मलाच.

बाई : डोळे पूस.

शिकाऊ : मुलं नक्कल करतील, बाई.

बाई : एखादा करेल. माझ्या खोकल्याची करतात. हुबेहूब करतात.

शिकाऊ : आणि उद्या येणार आहेत ते?

बाई : कापतील मार्क कदाचित. खोटा धीर देत नाही मी तुला. पण भरलेल्या ग्लासाला रिकामा म्हणून मुलं घरी गेली, तर त्या पाठावर माझी सही नाही. मग तो कितीही वेळेत संपू दे. घरी बोलतेस का गं आईशी?

शिकाऊ : आईशी सगळं बोलते. अडलं तर तिचं मशीन चालूच असतं. माझ्याकडे बघत नाही, शब्द सुचवत नाही. शब्द आला, की नुसतं हं म्हणते.

बाई : मग तेवढी जागा टाचणात ठेव. हे घे पेन. शिक्षिकेच्या रकान्यात लिही, ‘ग्लासात पाणी आहे.’ आणि वेळेच्या रकान्यात लिही, लागेल तेवढा. वाफेचं राहिलं तर राहू दे. ते मी परवा घेईन.

शिकाऊ : लिहिलं. लिहायला कधीच अडलं नाही मला, बाई.

बाई : म्हणूनच नुसतं लिहून भागायचं नाही. ऊठ. ग्लास घे आणि फळ्याजवळ उभी राहा.

(बाई तपासायच्या वह्या उचलतात आणि मुलांच्या बाकावर जाऊन बसतात.)

शिकाऊ : ग्लासात काय आहे?

बाई : काही नाही, बाई. रिकामा आहे.

शिकाऊ : नाही. नीट बघा. ग्लासात प... प... बाई, शाळा सुटायची वेळ झाली. शिपाईमामा कुलूप लावायला येतील.

बाई : येऊ देत. माझ्या वह्या व्हायच्यात अजून.

शिकाऊ : ग्लासात प... प... प... पाणी आहे.

बाई : हं.