बटणांच्या डब्यातले पैसे

उभा राहू नकोस हवालदार, बस — पँट झाली नाही अजून. कमरेत सैल करायचीय ना? करतो की. पहिली वर्दी तुझी मीच शिवली, तेव्हा वीतभर कंबर नव्हती. बस त्या स्टुलावर. परवा दुपारी तिथंच तुझे साहेब बसले होते, लोकांच्या कापडावर बूट ठेवून — आणि तू दारात, जसा काही मला ओळखतच नाहीस.

जुगार म्हणे! आम्ही चार म्हातारे रमी खेळतो, तीही बटणांवर. कोटाचं मोठं, शर्टाचं लहान. न्हावी हरला की फुकट दाढ्या करतो, मी हरलो की कुणाची तरी उसवलेली विजार शिवून देतो. हा जुगार? खेळायला डब्यातली वरची मूठभर बटणं घ्यायची, तळ कोण बघतो? तुझ्या साहेबांनी बघितला. पत्त्यांवरच डबा पालथा केला आणि बटणांखालून नोटा निघाल्या. वर फोटो काढला — झाला अड्डा.

मला तरी कुठं माहीत होतं? हिनं साठवलेल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. काजं-बटणं हीच करायची, आता सुई मी ओवून देतो तरी बोटात टोचून घेते. मला का सांगितलं नाही? मी म्हणालो असतो, आधी मशीन दुरुस्त करू. म्हणालोच असतो. ते जाऊ दे.

साहेबांनी विचारलं, पैसे कुणाचे? ही तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, खेळातले. — असा काय बघतोस? हिचे म्हणालो असतो तर हिलाही गाडीत घातली असती. धड दिसत नाही तिला, गाडीची पायरी केवढी उंच... नसती घातली? मग तेव्हा का नाही बोललास? आता सांगतोस! कागदावर माझी सही आहे, डावाचे पैसे म्हणून. पैसे सोडवायला चौकीत गेलो तर तिथला कारकून हसतो — आजोबा, तुम्हीच सांगितलंत ना.

ही बोलत नाही माझ्याशी. एकदाच बोलली. ‘डोळ्यासाठी ठेवलेले, तुम्ही डावावर लावलेत.’ तिला वाटतं मी रोज त्यातूनच खेळत होतो. गाडीचं सांगितलं का म्हणतोस? नाही सांगितलं. असलं काय सांगायचं बायकोला, या वयात?

पण तुला माहीत आहे. डबा कपाटावर होता, साहेबांच्या हातात तूच काढून दिलास. पत्त्यांजवळ नव्हताच तो. एवढंच सांग त्यांना, दुसरं काही नको. सांगशील? — जमिनीकडं काय बघतोस, मी इथं बसलोय. बायको आहे ना रे तुलाही?

उठलास. बरं.

ही घे पँट. कालच झालीय, मुद्दाम बसवून ठेवलं तुला. कमरेला बटण नाही, ती सगळी तुमच्या चौकीत जप्त आहेत. आणि ते पाकीट आत ठेव. या घरात नोट दिसली की डावाची होते. जा.