भिंतीबाहेरचा जयवंत

अर्धे वाचले, अर्धे राहिले,
अर्ध्यावरती बोट ठेविले।

पेटी जरा खाली घ्या, दाऊदभाऊ. तबला थांबू द्या. मंडळी, ऐका. गाणं पुढे आहेच, आधी मला एक विचारायचंय तुम्हाला. आपण शास्त्र उघडतो, देवाला प्रश्न विचारतो — मग त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबतो का? की आपल्याला हवं तेवढं कानावर आलं, की झटकन उठतो आणि म्हणतो, झालं, देव बोलला?

माना हलवू नका. सगळेच म्हणणार, थांबतो. आज मी एका माणसाची गोष्ट सांगतो, तो थांबला नाही. वाईट माणूस नव्हता हो! चांगला होता, अभ्यासू होता. म्हणून तर गोष्ट सांगायची. वाईट माणसाची गोष्ट ऐकून आपण काय शिकतो? मी तसा नाही, एवढंच.

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि ही गोष्ट मला त्या पाळकानेच सांगितली, स्वतःच्या तोंडाने. रेव्हरंड सुमित्र पाटोळे त्यांचं नाव. वय पस्तिशीचं. देवळाला लागून घर, घरात बायको, एक मुलगी आणि टेबलावर एक लॅपटॉप. त्या लॅपटॉपमध्ये काय होतं माहीत आहे? अख्खं पवित्र शास्त्र. मूळ इब्री म्हणजे हिब्रू, मूळ ग्रीक, शेजारी मराठी, आणि प्रत्येक शब्दाची जन्मकुंडली!

तर या पाटोळेसाहेबांनी एक शिकवणी लावली. दर शनिवारी दुपारी पडद्यावर एक बाई यायच्या आणि शिकवायच्या, शास्त्रात शोध कसा घ्यायचा ते. तुम्ही म्हणाल, त्यात शिकायचं काय? शब्द टाकला की सापडतो. सापडतो की! 'हाक' टाका — जिथे जिथे हाक आहे ते सगळं अंगावर येतं. कोंबड्याची हाक, राजाची हाक, रस्त्यावरच्या भिकाऱ्याची हाक. पण तुम्हाला हवंय ते एवढंच, की देवाने माणसाला कुठे कुठे हाक मारली. मग? मग शब्द पुरत नाही, शोध बांधावा लागतो.

बांधायचा म्हणजे कसा? डबे असतात, डबे. एक मोठा डबा, तो म्हणजे वाक्य. त्याच्या पोटात लहान डबे. एकात लिहायचं कोणी केलं, दुसऱ्यात काय केलं, तिसऱ्यात कुणाला केलं. लहान डबा मोठ्याच्या पोटातच बसला पाहिजे. जरा बाहेर राहिला, की यंत्र म्हणतं, काही सापडलं नाही. आणि एखादा डबा मोकळा राहिला, की सगळं शास्त्र तुमच्या मांडीवर आणून ओततं. पाटोळेसाहेबांचे पहिले कितीतरी शनिवार असेच गेले. कधी काहीच नाही, कधी पूर. बायको म्हणायची, "अहो, जेवायला या, देव काही पळून जात नाही त्यातून."

मग एके दिवशी बसला! कोणी — देव. काय — हाक मारली. कुणाला — माणसाला. आणि पडद्यावर एकाखाली एक ओळी आल्या. लहानगा शमुवेल आला, जळत्या झुडपापुढचा मोशे आला. जेवढं मागितलं तेवढंच, रंगवून, कापून, ताटात वाढून. पाळकाच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही, पाणी आलं. बायकोला बोलावून दाखवलं.

विचारलं तेवढंच सांगतं ते यंत्र, शब्दाने जास्त नाही. (बाया हसल्या बघा! असा एक माणूस घरात असता, असं वाटलं ना? थांबा. हसा आत्ताच, पुढे हसायला मिळणार नाही.)

शिकवणाऱ्या बाईंनी शेवटी सांगितलं होतं, "आज आपण एका वाक्याच्या आतला शोध शिकलो. एका वाक्याला पुढचं वाक्य जोडायचं कसं, ते नंतर घेऊ."

ते 'नंतर' यायच्या आधी जयवंत वैरागर गेला.

कोण जयवंत? मिशनच्या शाळेत गणित शिकवायचा. उपासनेत पेटी धरायचा. चाळिशीच्या आतला. बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं, आणि हा माणूस आतून विझत गेला. आधी पेटी सोडली. मग शाळेत जाणं सोडलं. मग बोलणं. घरात म्हातारी आई — मार्थाबाई. ती ताट पुढे करायची, तो ताटाकडे पाहत बसायचा. देवळाच्या मंडळीतली माणसं यायची, प्रार्थना करायची, आणि जाताना म्हणायची, "विश्वास ठेव जयवंत, मन घट्ट कर." दवाखान्यात नेऊ, असं कोणी म्हटलं का? नाही. मनाला ताप येतो हे आपल्याला अजून पटत नाही, मंडळी. पायाला लागलं तर पट्टी, आणि मनाला लागलं तर उपदेश!

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी शाळेमागच्या विहिरीत तो सापडला. पाय घसरला म्हणायला जागा नव्हती; चपला काठावर नीट काढून ठेवल्या होत्या.

आता प्रश्न आला पुरण्याचा. त्या मंडळीत जुनी चाल — ज्याने स्वतःचा जीव घेतला, त्याला कबरस्थानाच्या भिंतीबाहेर. घंटा नाही, गीत नाही, पाळकाचा झगा नाही. भिंतीच्या आत जयवंताचा बाप, लाजरसमास्तर. त्याच्या उजव्या अंगाला कबरीपुरती मोकळी जागा. मार्थाबाई पाळकाच्या घरी आली, दारातच बसली.

"सायेब, त्याच्या बापाशेजारी जागा हाय. म्या माझ्यासाठी ठिवली व्हती. माझी त्याला द्या. मला कुटं बी टाका. पण पोराला आत घ्या."

पाटोळेसाहेबांनी तिला हाताला धरून उठवलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "मार्थामावशी, मी चालीरीतीवर जाणार नाही. शास्त्र काय म्हणतं ते बघतो. शास्त्र आत म्हणालं, तर मंडळीच्या पंचांशी मी भांडेन."

ऐकलंत? मनापासून बोलला तो माणूस. आणि खोलीत जाऊन बसला शोध बांधायला.

कोणी — माणूस. काय — मारलं, तलवारीवर पडला, फास घेतला, असे सगळे प्रकार घातले. कुणाला — स्वतःला. लहान डबे मोठ्यात नीट बसले. एकही चूक नाही! बाईंनी पाठ थोपटली असती. बटण दाबलं, ओळी आल्या. शौल राजा — स्वतःच्या तलवारीवर पडला. अहिथोफेल, तो दावीद राजावर उलटलेला मसलतगार — गळफास घेतला. यहूदा, प्रभूला धरून देणारा — तोही तसाच. रंगवलेले तुकडे, एकाखाली एक. कोण होते हे? एकाला देवाने टाकलं, एकाने राजाचा घात केला, आणि एकाने… ते तुम्हाला सांगायला नको.

दुपारी देवळात पंच जमले. पाळकाने लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला आणि ओळी वाचल्या.  म्हणाला, "मला वेगळं सापडावं असं वाटत होतं. पण शास्त्रात ज्यांनी ज्यांनी हे केलं, ते हे असे आहेत. माझ्या हातात काही उरत नाही."

शांतवनराव ससाणे, पंचांमध्ये वडील, म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही अभ्यास करून सांगताय. आम्ही तर नुसती चाल पाळत होतो. आता वचन मिळालं."

तुम्ही म्हणाल, अहो बुवा, या गोष्टी तर रविवारच्या शाळेतली पोरंही जाणतात; पाळकाला त्यांच्या मरणापुढचं ठाऊक नव्हतं? होतं, मंडळी. त्याला होतं, ससाण्यांना होतं, त्या देवळात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण समोर पडद्यावर रंगवून, कापून, वाढून आलेलं असताना आठवणीला कोण विचारतो?

जयवंताला भिंतीबाहेर पुरलं. भिंत आणि ओढा यांच्या मधल्या पट्टीत. खड्डा खणणारे दोघे, आई, आणि मागे उभा पाळक, साध्या शर्टात. कोणी काही गायलं नाही. मार्थाबाईने माती टाकली आणि भिंतीकडे पाहत राहिली, जिच्या पलीकडे तिचा नवरा होता.

त्या रविवारपासून ती देवळात आली नाही.

शनिवार मात्र येत राहिले. पुढच्या एका शनिवारी बाई पडद्यावर आल्या आणि म्हणाल्या, "आज पुढचं वाक्य जोडू. तुमचा आधीचा कोणताही शोध उघडा. त्याच्या खाली दुसरा मोठा डबा ठेवा. आणि त्यातला 'कोणी' हा डबा मोकळा सोडा; वरचं वाक्य जोडलेलं आहे, आता पूर येणार नाही. पहिल्या वाक्यातलाच माणूस दुसऱ्या वाक्यात काही करेल, असं धरून चालू नका. मेलेला माणूस पुढचं काही करत नसतो. पुढचं दुसरेच कोणी करतात."

पाळकाने आधीचे शोध उघडले. वरच कोणता होता? तोच. जोडलं पुढचं वाक्य. दाबलं बटण.

अहिथोफेलाने फास घेतला — आणि त्याला पुरलं. कुठे पुरलं? भिंतीबाहेर? त्याच्या बापाच्या कबरेत! तिथेच होतं हो, त्याच ओवीत, बोटभर अंतरावर. रंगवलेला तुकडा संपतो तिथून पुढे.

आणि शौल? शत्रूंनी त्याचं प्रेत गावकुसाच्या भिंतीवर ठोकलं होतं. तर याबेश-गिलादची माणसं उठली, रात्रभर चालत गेली, ते प्रेत भिंतीवरून उतरवून आपल्या गावी आणलं, त्याच्या अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. कोणासाठी? तलवारीवर पडलेल्या राजासाठी. देवाने टाकलेल्या राजासाठी! आणि त्या माणसांना दाविदाने आशीर्वाद पाठवला. शिव्या नाही, आशीर्वाद. यहूदाला पुरल्याचं कुठे नव्हतं, पण भिंतीबाहेर टाका असंही कुठे नव्हतं.

 शिकवणी चालू होती, बाई काहीतरी विचारत होत्या. पाळक तसाच उठला आणि उन्हात मार्थाबाईच्या घरी गेला.

म्हातारी सुपात जोंधळा निवडत होती. हा तिच्यासमोर खाली बसला. "मावशी, चुकलो मी. मी अर्धंच वाचलं. जयवंताला आत घ्यायला शास्त्र आड येत नव्हतं. मीच आड आलो."

तिने सूप खाली ठेवलं. रागावली नाही, रडली नाही. म्हणाली, "मंग आना त्याला आत."

एवढंच. बरोबरच होतं की! माफी घेऊन ती काय करणार? तिला पोरगं आत हवं होतं.

आता बघा पुढे काय झालं. पाळकाने पंच बोलावले. सगळं सांगितलं, पडद्यावर दाखवलं, आपली चूक कबूल केली. ससाणे म्हणाले, "पाळकसाहेब, तुमचं मन आम्ही समजतो. पण परवा एक शास्त्र, आज दुसरं! लोक काय म्हणतील? आणि पुरलेला माणूस उकरायचा, तर तहसीलची परवानगी लागते. कापणीच्या सणानंतर वार्षिक सभा आहे, तिच्यात ठेवू." दुसरे पंच म्हणाले, "हो, हो, सभेत ठेवू. जयवंत काय कुठे पळून चाललाय?"

आणि पाळक काय म्हणाला? पाळक म्हणाला, बरं. कशाला भांडायचं, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न. मंडळी, या 'बरं'ची त्याला आजही झोपेत आठवण येते. शोध चुकला ते अज्ञान होतं. हे 'बरं' अज्ञान नव्हतं.

भादव्यात वर डोंगराकडे तुफान पाऊस झाला. ओढ्याला असं पाणी जन्मात कुणी पाहिलं नव्हतं. कबरस्थानाची भिंत दगडी, जुन्या मिशनरी साहेबांच्या काळातली — ती टिकली. आतली एक कबर हलली नाही. पण भिंत आणि ओढा यांच्या मधली ती पट्टी, ती ओढ्याने नेली. माती नेली, बाभळी नेल्या, आणि जयवंताला नेलं.

पाणी ओसरल्यावर पंच गेले, गावकरी गेले, खालच्या अंगाला लांबपर्यंत शोधून आले. काही हाती लागलं नाही. मार्थाबाई काठावर उभी होती. पाळक तिच्याजवळ गेला. तीच बोलली.

"सायेब, आता इचारा की तुमच्या यंत्राला, माझा जयवंत कुटं हाय."

हसू नका कोणी. मला माहीत आहे, कोणी हसणार नाही.

पाटोळेसाहेब आजही पाळक आहेत. यंत्र फेकून दिलं नाही त्यांनी, आणि बरोबर केलं. यंत्राचा काय दोष? त्याला विचारलं तेवढं त्याने सांगितलं. पण आता कोणी काही विचारायला आलं, की साहेब आधी ग्रंथ उघडून अध्याय सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतात, समोरच्या माणसाला बसवून. लोक कंटाळतात. कंटाळू देत. लाजरसमास्तरांच्या शेजारची जागा अजून मोकळी आहे. मार्थाबाई गेल्या वर्षी वारली. तिने मरताना सांगितलं, मला आत नको. पंचांनी तेव्हा मात्र एका शब्दात ऐकलं. ओढ्याच्या काठी, पाणी चढणार नाही एवढ्या उंचावर तिला पुरलं, आणि पाळक झगा घालून गेला.

आता मंडळी, माझी गोष्ट झाली. तुम्ही सुस्कारा सोडला, डोळे पुसले, आणि मनात म्हणालात, कसली दगडाची माणसं होती त्या गावची.

थांबा. आज दुपारी इथे येताना मी मुद्दाम तुमच्या कबरस्थानावरून आलो. तारेचं कुंपण चांगलं घातलंय, फाटकाला रंगही नवा आहे. आणि कुंपणाच्या बाहेर, निवडुंगापाशी, दोन उंचवटे आहेत. क्रूस नाही, नाव नाही. कोणाचे ते मी विचारणार नाही. तुम्हाला माहीत आहे. आत्ता ज्यांनी माना खाली घातल्या, त्यांना तर नक्कीच माहीत आहे.

पण त्यातल्या एकावर झेंडूची फुलं होती. ताजी, आज सकाळची. म्हणजे तुमच्यातलं कोणीतरी कुणाचा डोळा चुकवून तिथे जातं, फुलं ठेवतं, आणि कोणी पाहायच्या आत परत येतं. ते माणूस आत्ता या मांडवात बसलंय, तुमच्या मांडीला मांडी लावून. बाई आहे की बुवा, आई आहे की भाऊ, मला ठाऊक नाही. किती वर्षं हे चाललंय, तेही ठाऊक नाही. आणि इतकी वर्षं तुम्ही सगळे सभेत ठेवू म्हणताय.

दाऊदभाऊ, पेटी बंद करा. शेवटची प्रार्थना इथे होणार नाही, तिथे निवडुंगापाशी होईल. अजून ऊन आहे, रस्ता दिसतोय. ज्यांना यायचं त्यांनी उठा. आणि सकाळी ज्याने फुलं ठेवली, त्याला आज सगळ्यांच्या पुढे चालू द्या.