सत्यवतीबाईंची चक्की अन् श्रीपादरावांच्या पिशव्या

नाही, पण तुम्हीच सांगा, यात श्रीपादरावांचं काय चुकलं? अहो, सारी नोकरी सिमेंटच्या कारखान्यात धूळ पकडण्यात गेली... मोठमोठे पंखे, नळकांडी, कापडी पिशव्या. धूळ ओढायची, पिशवीत अडवायची, साफ हवा बाहेर सोडायची! असा माणूस रिटायर होऊन घमापुरात घरी बसतो, अन् भिंतीला भिंत लागून काय? सत्यवतीबाईंची पिठाची चक्की!

तुम्हाला सांगतो, बाई म्हणजे भुवयांपासून चपलांपर्यंत पांढऱ्याफटक. गिऱ्हाईक विचारते, "दीदी, कब तक पिसेगा?" तर बाई, "खों... खों... खों!" डॉक्टर म्हणाले, पीठ छातीत जाऊन राहिलं, चक्की बंद करा. बाई म्हणाल्या, "बंद करून खाऊ काय... खों... चक्कीचे दगड?"

श्रीपादरावांना राहवेना. वसुधाताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, ओरडून राहिल्या, "अहो, लोकांच्या पिठात काहून हात घालता?" पण ऐकतात कशाला! जुना पंखा आणला, पत्र्याचं नळकांडं बसवलं, टेलरकडून जाड कापडाच्या लांबलांब पिशव्या शिवून घेतल्या, अन् पहिलं काम काय केलं? बाईंची उदबत्ती विझवली!

"ताई, हवेत उडालेलं पीठ भडकते. इथं विस्तव नको!"

"मग देवाला काय... खों... टॉर्च दाखवू?"

जीव वाचवायला गेला माणूस, अन् नास्तिक ठरला! काय चुकलं हो त्यांचं?

बरं, बटण दाबलं. पंखा असा घोंगावला की धूळ तर गेलीच, मागोमाग दळणही निघालं! दीक्षितपुऱ्याच्या रुचिराबाई डबा घेऊन उभ्या. "भैया, हमारा आटा ऊपर कहाँ जा रहा है?" आता काय सांगावं, स्वर्गात? नळकांड्याचं तोंड दळणाच्या फार जवळ आलं होतं, एवढंच! श्रीपादरावांनी ते हातभर मागं घेतलं, झडप थोडी लोटली, झालं ठीक. पण तोवर चार गल्ल्यांत बोंब, की चक्कीवर आटाचोर मशीन लागली! पिशवीत गहू, बेसन, शिंगाडा सारं एकत्र; ते कोणाला देणार? शेवटी ठरलं, नदीवर ग्वारीघाटच्या मासोळ्यांना. अन् लोक म्हणतात, आमच्या पिठावर यांचं पुण्य! आता बोला!

अच्छा, इथवरही चाललं असतं. पण एक दिवस बाईंनी पिशव्या धुतल्या. हो, धुतल्या! अन् ओल्याच परत चढवल्या!

"मळल्या होत्या ना, श्रीपादभाऊ!"

"अहो ताई, त्या मळण्यासाठीच असतात!"

ओल्या कापडावर पीठ बसलं, त्याची झाली खळ, हवा जायला जागा नाही, अन् सारा धुरळा उलटा दुकानात! श्रीपादराव बंद करायला आत धावले, ते पिठात असे घोळून निघाले की फक्त तळायचे बाकी! गिऱ्हाईकं हसून राहिली, वसुधाताईंनी दाराला कडी लावली, "आधी झटका, मग घरात या!" सांगा, काय चुकलं?

दुसरा असता तर सोडून दिलं असतं. यांनी नव्या पिशव्या शिवल्या, बाईंना हात जोडले, "पाणी नको, ताई. रोज संध्याकाळी चक्की थांबली की नुसत्या झटका." अन् झटकायलाही स्वतःच जाऊ लागले, भरवसा कोणाचा?

मग एका सकाळी, तुम्हाला सांगतो, श्रीपादराव खिडकीत चहा घेऊन उभे. शेजारी चक्की चालू... अन् खोकला नाही! थांबले, कान दिला. नाहीच! वाकून पाहिलं, तर बाईंच्या भुवया काळ्या! श्रीपादरावांचे डोळे भरून आले हो. वसुधाताईंनी त्यांच्या चहात अजून एक चमचा साखर टाकली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून गर्जना! न अडकता, न थांबता, एका दमात!

"श्रीपादभाऊऽऽ! तुमच्या त्या पंख्यानं माझी बिलाची पावती उडाली, तुमच्यापायी देव अंधारात बसला, मासोळ्या माजल्या अन् गिऱ्हाईकं मला चोर म्हणून राहिली, झोपले की काय तुम्हीऽऽ?"

इतक्या वर्षांचं खोकल्यामागं साचलेलं सारं, अन् आता हे रोज सकाळी सहापासून! बिना खोकल्याचं!

वसुधाताईंनी खिडकी लावून पाहिली, काही फरक नाही. श्रीपादरावांनी कप खाली ठेवला, चपला शोधल्या, म्हणाले, "चलो... धूळ पकडता येते, वसुधा. आवाजाची पिशवी अजून निघाली नाही."