जगज्जेत्यांच्या रांगेत अर्जुनराव

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आदरणीय बबनराव, ज्यांच्या गौरवासाठी आपण जमलो ते आपल्या तळ्यावरच्या पाणी संस्थेचे मावळते चेअरमन आणि माझे एकेकाळचे विद्यार्थी अर्जुनरावजी, व्यासपीठावरचे सन्माननीय संचालक, मांडवातल्या माता-भगिनी आणि जागा नाही म्हणून मागे उभे राहिलेले बांधव, सर्वांना या निवृत्त मास्तराचा नमस्कार.

संस्थेचे सचिव शहादेव परवा घरी आले. म्हणाले, "गहिनीनाथ सर, तुमी इतिहास शिकवलाय. साहेबांची तुलना जगातल्या मोठ्या जेत्यांशी करा, आन् साहेब सगळ्यात मोठे कसे ते पटवून द्या. लई लांबवू नका." माझ्या आधीच्या वक्त्यांनी साहेबांना सिकंदर म्हणून टाकलं. मला मात्र तपासल्याशिवाय मार्क देता येत नाहीत, ही खोड जुनी आहे.

तर आधी सिकंदर. टायर नावाच्या बंदरानं त्याला दार उघडलं नाही. त्यानं समुद्रात भराव घातला, शहर घेतलं आणि हाती लागलेल्या माणसांना किनाऱ्यावर ओळीनं खांबांवर ठोकलं. चंगेझ खानाच्या फौजेनं उरगंज कापून काढलं आणि जे लपून उरले त्यांच्यावर, म्हणतात, नदीचा बांध फोडून पाणी सोडलं. तैमूरनं इस्फहानला शिपायांना मुंडकी आणायला सांगितली. ज्यांचा हात धजावेना, त्यांनी ती दुसऱ्या शिपायांकडून विकत घेतली, आणि त्या मुंडक्यांचे मनोरे रचले गेले. अर्जुनराव, हे ऐकून तुम्ही नववीच्या वर्गात उभे राहिला होतात. आठवतं? "सर, त्याला कुनी आडवलं कावून न्हाई?" प्रश्न फार चांगला होता. मी तेव्हा तुमची पाठ थोपटली होती.

मग यांत सर्वांत मोठा कोण? जास्त मारले तो? जास्त जमीन घेतली तो? माझ्या मते, ज्याला कमीत कमी लढावं लागलं तो. आणि इथं आपले साहेब सर्वांच्या पुढं जातात. सिकंदराला भरल्या गावाशी लढावं लागलं. साहेबांनी फक्त दसरा होऊ दिला. दसरा झाला की तळ्याखालची वस्ती ऊसतोडीला जाते. दारांना कुलपं लागतात, मागं म्हातारी माणसं राहतात. त्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी टोळ्यांचे ट्रक फाट्यावरून वळले आणि त्याच आठवड्यात संस्थेची सर्वसाधारण सभा भरली. खालच्या वस्तीची पाणीपाळी बंद करण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमत होणारच. ज्यांचं मत वेगळं होतं, ते तिकडं फडात ऊस तोडत होते. रक्ताचा थेंब न सांडता असा मुलूख कोणी घेतलाय? शहादेव, इथं टाळ्या वाजवल्या तरी चालतील.

रक्त नंतर सांडलं. गुढीपाडव्याला माणसं परतली. पाटाची चारी कोरडी, विहिरी कोरड्या, आणि वरच्या अंगाला साहेबांचा ऊस हिरवागार. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरचा धुळाजी तळ्याच्या बांधावर गेला आणि पाणी सोडायच्या दाराचं लोखंडी चाक फिरवायला लागला. मागं त्याची बायको कडूबाई होती. साहेबांची जीप आली. माणसं उतरली. धुळाजी ओरडला, "आमच्या वाट्याचं पानी हाय, कावून आडवायलात बे?" उत्तर म्हणून त्यांनी कडूबाईच्या हातातला कोयता हिसकावला. पहिला घाव चाकावरच्या बोटांवर बसला. बोटं तुटली, तरी मनगटं आऱ्यांत अडकवून तो चाक ओढत राहिला. मग मनगटावर घाव बसला. मग पहारीनं गुडघे फोडले, आणि तो पडल्यावर त्याच्या डोक्यात दगड घातला. दार थोडं उघडलं होतं. चारीला पाणी सुटलं ते लाल होतं.

मी शाळेतून धावत पोचलो तेव्हा जीप निघून गेली होती. मांडीवर ते फुटलेलं डोकं घेऊन कडूबाई म्हणाली, "सर, म्या म्हनलं सोडा चाक. तर म्हनले, हात गेल्यावर सोडतो." धुळाजीनं उगाच जीव दिला असं आजही कुणी म्हटलं, तर मी त्याच्या कानाखाली देईन. मला धुळाजीचा अभिमान वाटतो.

अध्यक्ष महोदय घड्याळ बघतायत. आवरतोच.

जीपमध्ये पुढं कोण बसलं होतं, हे एका कडूबाईनंच पाहिलं. कोर्टात तिची साक्ष आली की साहेबांचे वकील मुदत मागत, पुढची तारीख ऊसतोडीच्या मोसमात पडे, आणि तेव्हा कडूबाई परमुलखात असे. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी आपल्याकडं मोजणी. धुळाजी गेल्यावर ती अर्धा कोयता झाली. अर्ध्या कोयत्याला मुकादम मधेच गावी सोडत नाही. यंदा मात्र तिनं टोळीच जाऊ दिली आणि स्वतः मागं राहिली. उद्या तिची साक्ष आहे.

आणि आज हा सत्कार आहे. संस्थेनं गाडी पाठवून तिला आणलंय, पहिल्या रांगेत बसवलंय. या टेबलावर साडी-खण ठेवलाय. माझं बोलणं संपलं की साहेबांच्या हस्ते तो तिला द्यायचा आहे. भर सभेत साडीचोळी घेतली की भाऊ-बहीण झाले, वैर मिटलं, हे इथल्या प्रत्येकाला कळतं. भावाविरुद्ध बहीण साक्ष कशी देणार?

म्हणून साहेब, सर्वांत मोठ्या जेत्याची तुमची पदवी मी तूर्त राखून ठेवतो. सिकंदर बियास नदीपाशी थांबला. समोर शत्रू होता म्हणून नव्हे. आपलीच माणसं म्हणाली, आता पुढं नाही, आणि त्यांच्यापुढं त्याचं काही चाललं नाही. तुम्ही आत आलात तेव्हा सगळा मांडव उभा राहिला. एक बाई बसून होती. नववीतल्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर ती आहे.

शहादेव, माइकला हात लावू नका. कडूबाई उठल्यात, त्यांना काही म्हणायचंय. मोठ्यानं म्हणा, बाई.

मागं ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. त्या म्हणाल्या, "साडी ऱ्हाऊ द्या तितंच. सर, उद्या पैली यष्टी कवा हाय?"

मला बोलायची संधी दिलीत, शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर म्हातारा मास्तर समजून पदरात घ्या.

उजाडताच असते, कडूबाई. मी फाट्यावर थांबतो.