वाळक्या पानाचं नाव

रोपाच्या जातीचं नाव कळलं, तर सासूबाई उद्या इस्पितळातून घरी येण्याआधी त्यांच्या रोपासारखंच दुसरं लावून होणार होतं. सुनेला एवढंच हवं होतं. रोपवाटिकेच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. तिने रोपवाल्यापुढे एक वाळकं पान ठेवलं.

"जिरेनियम आहे, थंडीत टिकणारं. पण त्याच्या जाती ढिगानं आहेत, ताई. फुलाचा रंग?"

"निळसर. जांभळटही म्हणता येईल."

"पाकळ्यांवर रेघा?"

"असतील की. रोज त्याच्या शेजारीच तर कपडे वाळत घालते मी."

"फोटोबिटो?"

"आहे. पण सगळ्यांचे चेहरे मोठे यावेत म्हणून खालचा झाडाचा भाग कापून टाकलाय."

"मग झाडच आणून दाखवा."

"उपटलं. थंडीत पार वाळून गेलं होतं. म्हटलं, मेलं."

"मरत नाही हो ते. जमिनीखाली झोपतं, ऊन वाढलं की उठतं."

"आईंनी फोनवर हेच सांगितलं, वाळलं तरी मेलं समजू नकोस म्हणून. तोवर मुळं कचऱ्याच्या गाडीत गेली होती."

"त्यांनाच विचारा ना नाव, आडून आडून."

"दरवर्षी सांगायच्या. मी नुसतं हं हं करायचे. आता कुठल्या तोंडानं विचारू?"

"मग हे न्या. बरंच सारखं आहे, त्यांना कळायचं नाही."

"पहिलं पान फुटलं की कळेल त्यांना."

"रागावतील?"

"रागावल्या तर बरंच होईल. पण त्या 'छान जगवलंस गं' म्हणतील आणि रोज पाणी घालतील. द्या ते. रोप त्यांचं गेलं, आणि माझ्यासाठी खोटंही त्यांनीच बोलायचं."