झाडपालाच तर आहे!

...आणि वर डॉक्टर मलाच विचारतात, ‘तुम्हाला वास नाही आला?’ अहो, आला ना! तगरमुळाचा काढा तो, आठवडाभर न धुतलेल्या मोज्यांचा वास, न यायला काय झालं? पण प्यायलो नाक धरून, कारण... थांबा, आधी माझी अडचण ऐका!

तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं मी पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रार खिडकीवर बसतोय. नळ लोकांचे कोरडे आणि घसा माझा! अशात मागच्या रेकॉर्ड रूममधली खुर्ची रिकामी झाली. आहाहा! चिटपाखरू नाही, नुसत्या फायली! साहेब नाकातून म्हणाले, ‘एक आठवडा कुणावर खेकसू नका, खुर्ची तुमची.’

हे घरी बोललो, तिथंच चुकलो. डोकं शांत राहावं म्हणून बायकोनं तगराची मुळी आणली. म्हटलं, डॉक्टरांना विचारू या? ‘इश्श, झाडपालाच तर आहे, त्यानं काय होतंय?’ बरं, सकाळी पेलाभर काढा. पण आईचा सुनेच्या हातावर विश्वास नाही ना! तिनं त्याचीच पूड गुपचूप दुधात ढवळली. ‘पी रे बाळा.’ बाळा! एक्कावन्न वर्षांचा! आणि वरच्या मजल्यावरची ताई? तिनं थर्मासातल्या चहात! कुणाचं कुणाला माहीत नाही, तिघींचं म्हणणं एकच, झाडपालाच तर आहे! मी तरी कुठला शहाणा? रोजची शिंकांची गोळी, पाकिटावर ठळक लिहिलंय ‘झोप येईल’, तीही घेतली आणि स्कूटरला किक मारली.

खिडकीवर पहिलेच एक गृहस्थ. ‘चार दिवस पाणी नाही! लाज वाटते का?’ मी... ‘हं.’ ‘माणसं आहात की दगड?’ ‘हं...’ डोळे उघडे, बाकी सगळं बंद! चाळीस मिनिटं ओरडले, मग रडले, मग माझा हात धरून म्हणाले, ‘इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं हो!’ ते वळले आणि मी टेबलावर आडवा. कपाळाखाली शिक्का उताणा पडलेला!

डॉक्टरांनी माझ्या कपाळावरचं ‘तक्रार मिळाली’ वाचलं. ‘काय काय घेता?’ म्हटलं, एक गोळी, बाकी औषध नाही, झाडपालाच तर... मागून धावत आलेल्या तिघींनी आपापला डोस कबूल केला, तेव्हा त्यांनी चष्माच काढला. ‘गुण येतो तो झाडपाल्यानंच ना? मग बाधणारही तोच! झोप आणणाऱ्या गोळीवर झोप आणणारी मुळी, तीही तीनदा? आणि स्कूटर चालवलीत?’ तेव्हा मात्र घाबरलो हो, खरंच. काढा बंद!

आणि खुर्ची? त्या गृहस्थांनी माझ्या कौतुकाचं पत्र धाडलं! साहेब खूश. ‘असा शांत माणूस खिडकीवरून उठवू? वेड लागलंय मला?’ खुर्ची दिली कुणाला, तर कचेरीतल्या सगळ्यात भांडकुदळ कारकुनाला. ‘तो लोकांपासून लांबच बरा!’

आता दिवसभर खिडकीवर गिळतो आणि घरी येऊन बरसतो, काय करणार? तगरमूळ आहे अजून घरात. बायको, आई, ताई तिघी घेतात, रीतसर डॉक्टरांना विचारून, एकेकदाच. संध्याकाळी मी बेल वाजवली, की आतून तोच मोज्यांचा वास येतो...