पुलापाशी रोज बसायचा

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. त्यांच्या पायाशी कुत्र्याचं वासराएवढं पिल्लू पसरलं होतं. मांजराची टोपली घेतलेल्या बाईंनी विचारलं,

“केवढं आहे हो हे?”

“सहा महिन्यांचा आहे. अंगानं थोराड, एवढंच.”

“लंगडतोय का?”

“हो ना. माझ्या हार्टच्या डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं, म्हणून सुनेनं सोबतीला आणला याला.”

“अगंबाई! मग यालाही तासभर चालवलंत?”

“डांबरी रस्त्यानं. वर पुलाच्या पायऱ्या.”

“अहो, या मोठ्या जातींची हाडं वर्ष-दीड वर्ष कोवळी असतात. वयाच्या महिन्यामागे पाच मिनिटं चालवायचं, म्हणजे याला अर्धा तास, बास. आणि बसला की बसू द्यायचं.”

“बसायचा की. पुलापाशी आला की रोज बसायचा.”

“मग?”

“मी घरी कौतुकानं सांगायचो, मला दम लागतो ते याला बरोबर कळतं, माझ्यासाठी थांबतो. दम खाऊन झाला की म्हणायचो, चल रे शहाण्या.”

“आणि उठायचा?”

“लगेच.”